काठावरचा वाचक

‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही जेमतेम शंभरेक पानांची लघुकादंबरी मी दोनदा अर्ध्यावर टाकली होती. तिसऱ्यांदा हातात घेतली ती यंदाच्या पावसाळ्यात, गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत, रोजच्या जाण्यायेण्यात चार-पाच पानांच्या हिशेबाने. माझ्या कपाळावरच्या आठ्या पाहून शेजारच्या बाईंनी ‘परीक्षा आहे काय हो?’ असे विचारले, आणि त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

जोसेफ कॉनरॅडने १८९० मध्ये आफ्रिकेतल्या काँगो नदीवर बोटीची नोकरी करताना जे पाहिले, त्यातून १८९९ साली मासिकात क्रमशः आलेली ही कथा घडली; तिच्यात काँगोचे नाव मात्र एकदाही येत नाही. टेम्स नदीत नांगरलेल्या गलबतावर मार्लो नावाचा खलाशी आपल्या आफ्रिकेतल्या सफरीबद्दल काळोखात बोलत राहतो, त्याचे बोलणे दुसराच कोणी आपल्याला ऐकवतो, आणि परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात काय होती हे विसरायला होते. हा दोष माझ्या इंग्रजीचा, अशी माझी समजूत होती.

पण रिव्हेटांचा, म्हणजे लोखंडी पत्रे जोडायच्या खिळ्यांचा, प्रसंग लख्ख कळला. आफ्रिकेतल्या नदीवर मार्लोला चालवायची बोट तळ फाटून बुडालेली असते आणि डागडुजीला त्याला फक्त रिव्हेट हवे असतात. किनाऱ्यावरच्या ठाण्यात ते फुटक्या पेट्यांतून पायाखाली लोळत असतात. आतल्या ठाण्यात मात्र हमालांचे तांडे स्वस्त कापड, काचेचे मणी, ठिपक्यांचे रुमाल घेऊन येतात, रिव्हेट तेवढे येत नाहीत. सरकारी कचेरीत एका सहीसाठी चार खेपा घातलेल्या माणसाला हे समजवावे लागत नाही.

तेव्हा अडचण भाषेची नव्हती, बसायच्या जागेची होती. कॉनरॅड मला मार्लोच्या बोटीत बसवतो, आणि मी मांडवीच्या काठचा. याच नदीतून १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कची गलबते आत आली, तेव्हा माझे पूर्वज असलेच तर काठावर असणार. आफ्रिका इथे नुसता पडदा होऊन राहते, हा नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांचा १९७५ च्या व्याख्यानातला आक्षेप मला पटतो. तरीही पुस्तक पुन्हा टाकवले नाही, कारण लुटीला परोपकाराचे नाव देणाऱ्यांचा इतका कडवट उपहास मी क्वचितच वाचला आहे.

शेवटाकडे बोट परत निघते. डेकवरचे गोरे बंदुका सरसावतात, म्हणून काठावरची माणसे पांगावीत यासाठी मार्लो शिट्टीची दोरी पुन्हापुन्हा ओढतो. सगळे पळतात; एक स्त्री तेवढी हात पसरून जागची हलत नाही. थोड्याच वेळापूर्वी ती काहीतरी ओरडलेली असते, पण ते शब्द मार्लो आपल्याला सांगत नाही. ते पान मी तीनदा वाचले, आणि मान वर केली तेव्हा चोडणला उतरायचे राहून बोट पुन्हा रायबंदरच्या धक्क्याला लागत होती.