नऊ-पाचचे एकशे एक टोले

आज रात्री ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजबाहेर मुद्दाम थांबले. ९ वाजून ५ मिनिटांनी ‘ग्रेट टॉम’ घंटा सुरू झाली, ती १०१ टोले देऊनच थांबली. शेजारचा पोरगा मोठ्याने मोजत होता, त्यामुळे माझे कष्ट वाचले.

एकशे एक, कारण कॉलेजात मुळात १०० विद्यार्थी. मग एकाची भर पडली. आणि वर पाच मिनिटं का? ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला, म्हणून इथली जुनी, सूर्यावरची वेळ पाच मिनिटं मागे; इथले नऊ म्हणजे ग्रिनिचचे नऊ-पाच. रेल्वेने देशभराची घड्याळं एक केली, पण ही घंटा काही बधली नाही. मला हा हट्ट फार आवडला!

घंटा मूळची ऑक्सफर्डजवळच्या ऑस्नीच्या मठातली. राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ मोडले, तेव्हा इथे आली. १६८० मध्ये पुन्हा ओतली. वजन सहा टनांच्या वर.

अशी रात्रीची घंटा म्हणजे ‘कर्फ्यू’, घरात परतायची खूण. मध्ययुगात ती झाली की चुलीतले निखारे झाकायचे. लाकडी घरं, गवताची छपरं. एक ठिणगी पुरे. लंडनमध्ये तर सेंट मार्टिन-ल-ग्रँड चर्चच्या घंटेनंतर दारूचे गुत्ते बंद, आणि तलवार घेऊन रस्त्यावर फिरणारा थेट कोठडीत. आज टोले चालू असताना रस्त्यावरून पबकडे निघालेली टोळकी जात होती. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.