नेक उतरवल्याशिवाय बोलणी नाहीत

एखादी जुनी, दुर्मीळ बास गिटार विक्रीला आहे असे कळले की मी विक्रेत्याला किमतीच्या आधी एकच गोष्ट विचारते : नेक, म्हणजे बासची लांब दांडी, उतरवून काढलेली छायाचित्रे मिळतील का? काहींना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. "इतकी वर्षे कोणी हात लावला नाही, आता कशाला उघडायची?" असे उत्तर येते आणि त्यात थोडे तथ्यही आहे, कारण लाकडातला स्क्रू काढता-घालता त्याचे भोक दर वेळी किंचित सैल होत जाते. पण तारा सैल करून शांतपणे चार स्क्रू काढले आणि परत घालताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवून तो जुन्या आट्यांत बसल्याची खात्री झाल्यावरच आवळला, तर वाद्याला काहीही होत नाही. एवढे समजावूनही जो तयार होत नाही, त्याच्याशी मी पुढची बोलणी करत नाही. या नियमापायी दोन-तीन चांगली वाद्ये हातची गेली असतील. त्याचे मला फारसे दुःख नाही.

या बाजारात आवाजाला किंमत थोडी आणि मूळपणाला फार असते, आणि मूळपणाचा पुरावा बाहेरून दिसत नाही. फेंडर या अमेरिकी कंपनीची प्रिसिजन बास १९५१ साली आली, जॅझ बास १९६० साली. दोन्हींची रचना मुळातच सुट्या भागांची आहे. नेक स्क्रूंनी जोडलेला, पिकगार्ड (पुढची संरक्षक पट्टी) स्क्रूंनी बसवलेले, ब्रिज (तारा टेकतात तो भाग) आणि नियंत्रणांची पट्टीही तशीच. दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून केलेली ही रचना आता लबाडीलाही तितकीच सोयीची ठरली आहे. तीन वेगवेगळ्या वाद्यांचे अस्सल भाग एकत्र करून चौथे 'संपूर्ण मूळ' वाद्य उभे करता येते आणि गंमत म्हणजे त्यातला एकही भाग खोटा नसतो. जॅझ बासच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांवर एकावर एक बसवलेल्या दुहेरी बटणांच्या दोन जोड्या असत. १९६२च्या सुमारास त्यांच्या जागी तीन साधी बटणे आली. संग्राहकांना दुहेरी बटणे हवी असतात, आणि ती पट्टी बदलायला अर्धा तासही लागत नाही.

नेक उतरवला की त्याच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख दिसते. ती नेक तयार झाल्याची असते, वाद्य जुळवल्याची नव्हे; म्हणून ती आणि इतर भागांच्या तारखा यांत काही महिन्यांचे अंतर असणे स्वाभाविक आहे, आणि सगळ्या तारखा अगदी तंतोतंत जुळल्या तर मला उलट शंका येते. नेक जिथे बसतो त्या, बॉडीतल्या (वाद्याच्या धडातल्या) खाचेतला रंग त्याहून बोलका असतो. साठच्या दशकातल्या पुष्कळ बॉडी रंगवताना या खाचेत एक पट्टी बसवून धरलेल्या असत, त्यामुळे पट्टीखालचे लाकूड कोरे राहिलेले असते. ते कोरे लाकूड नंतरच्या रंगाने माखलेले आढळले, तर समोरचा सुंदर फिका निळा रंग कारखान्यातला नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अनुक्रमांकावर मात्र नवखे लोक फार विसंबतात. त्या काळच्या फेंडरवर तो नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असतो, आणि कारखान्यात या पट्ट्या क्रमाने वापरल्या जात नसत. त्यामुळे त्यावरून फार तर अंदाज बांधता येतो. शिवाय ती पट्टीही त्याच चार स्क्रूंनी बसते! रिकनबॅकर या दुसऱ्या कंपनीच्या वाद्यांवर केबल जोडायच्या जागी असलेल्या जॅकपट्टीवरची अक्षरे अधिक नेमकी आहेत : १९६१ पासून १९८६ पर्यंत पहिले अक्षर वर्षाचे, ए म्हणजे १९६१ आणि झेड म्हणजे १९८६, आणि दुसरे महिन्याचे. तीही पट्टी सुटीच असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

माझा सर्वाधिक भरवसा पोटेन्शियोमीटरवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या विद्युत भागावर आहे, ज्याला वाजवणारे नुसते पॉट म्हणतात. त्याच्या पाठीवर एक संकेतांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ १३७६६१२ : पहिले तीन आकडे उत्पादकाचे, १३७ म्हणजे सीटीएस; पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे १९६६; शेवटचे दोन आठवड्याचे, म्हणजे बारावा. ३०४ असेल तर स्टॅकपोल. मात्र पॉटची तारीख म्हणजे वाद्याची तारीख नव्हे. वाद्य त्याआधी तयार झालेले असू शकत नाही, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. फेंडरने १९६६ साली पॉटचा प्रचंड साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे पुरला, म्हणून १९६६चे पॉट १९६८च्या बासमध्ये सापडले तर घाबरण्याचे कारण नाही. उलट १९६४ची म्हणून विकायला काढलेल्या बासमध्ये ते सापडले, तर एक तर पॉट बदलले आहेत किंवा वर्ष. संकेतांकासोबत सोल्डरचे, म्हणजे वायरी जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूचे, डागही बघावेत. जुना, न छेडलेला डाग मंद राखाडी दिसतो. चकचकीत, वर आलेला डाग दिसला की तिथे कोणीतरी तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकवले आहे, हे नक्की.

हे मी फार महागात शिकले. माझ्याकडे १९७३ची एक जॅझ बास होती, पुन्हा रंगवलेली, हे माहीत असूनच घेतलेली. मूळ रंग गेलेल्या वाद्याची किंमत ढोबळ हिशेबाने निम्मी होते आणि संग्राहक त्याकडे वळूनही बघत नाहीत, म्हणूनच ती मला परवडली. तिचे पॉट खरखर करू लागले तेव्हा मी ते काढले, नवे बसवले आणि जुने कचऱ्यात टाकले. आठ वर्षांनी विकायला काढली, तेव्हा खरेदीदाराने साहजिकच संकेतांक विचारले. नेकवरची तारीख पुसट झालेली, रंग नंतरचा, आणि पॉट नवेकोरे. ही बास १९७३ची आहे याचा माझ्याकडे माझ्या शब्दाखेरीज पुरावाच उरला नव्हता. पॉटमध्ये थोडे साफसफाईचे द्रावण फवारले असते तरी भागले असते. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक वाद्याच्या केसमध्ये (पेटीत) एक पिशवी असते आणि वाद्यातून निघालेला जुना नट, झिजलेला जॅक, मोडके स्प्रिंगसुद्धा त्या पिशवीत जाते.

रंगाविषयी आणखी थोडे. जुन्या फेंडरवरचा नायट्रोसेल्युलोज लाखेचा थर कालांतराने पिवळसर होतो आणि त्यात बारीक, साधारण समांतर तडे जातात. अतिनील दिव्याखाली जुनी लाख हिरवट-पिवळी चमकते आणि नंतर डागडुजी केलेली जागा वेगळी उठून दिसते. १९६८च्या सुमारास फेंडर बॉडीसाठी जाड पॉलिएस्टरकडे वळली; त्यानंतरच्या वाद्यावर नायट्रोसारखे तडे दिसले, तर त्या तड्यांचे कौतुक करण्याआधी चौकशी करावी.

१९६५च्या जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्या तारखेने बाजाराचे दोन तुकडे केले. त्याआधीची वाद्ये श्रेष्ठ आणि नंतरची कनिष्ठ, असे सरसकट मानले जाते. मला हे पटत नाही. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी लाकूड बदलले नाही, कारागीरही बदलले नाहीत. बदल झाले ते हळूहळू. म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बासबाबतही तेच. ती १९७६ साली आली, १९८४ साली कंपनी एर्नी बॉलकडे गेली, आणि त्या वर्षाच्या अलीकडच्या-पलीकडच्या किमतींत जी दरी आहे ती डोळे मिटून ऐकणाऱ्याला सापडणार नाही. वाजवण्यासाठी घेणाऱ्याने या सीमारेषांच्या किंचित पलीकडे शोधावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

हाताने, मोजक्या संख्येत घडवलेल्या वाद्यांचे गणित निराळे आहे. अलेम्बिक, वॉल, फोडेरा यांच्या वाद्यांत भागांची अदलाबदल करून लबाडी करणे अवघड, आणि अनुक्रमांक कळवला तर घडवणाऱ्याकडून मूळ लाकूड आणि मांडणीची माहिती मिळण्याची शक्यताही असते. तिथली जोखीम असते ती इलेक्ट्रॉनिक्सची. अलेम्बिकच्या जुन्या सीरीज वाद्यांना पाच पिनांच्या केबलने जोडायचा स्वतंत्र वीजपुरवठ्याचा डबा असतो. डबा आणि केबल सोबत नसेल तर ती रक्कम किमतीतून वजा करूनच बोलावे. वॉलमध्ये प्रत्येक पिकअपला (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाला) स्वतःचा फिल्टर असतो आणि त्यातच तिच्या आवाजाची ओळख आहे. त्या सर्किटला कोणी हौशी माणसाने हात लावलेला असेल, तर मी ती वॉल घेणार नाही, मग लाकूड कितीही देखणे असो. वॉल घडवणारे इअन वॉलर १९८८ साली गेले. त्यांच्या हयातीतल्या वाद्यांना वेगळी मागणी आहे. नव्या वॉलसाठी इतके थांबावे लागते की वापरलेली कधी कधी नव्याहून महाग जाते, हे ऐकून पहिल्यांदा मला हसू आले होते. ग्रॅफाइट नेकच्या जुन्या मॉड्युलसबाबत एकच सूचना : त्यांतल्या अनेकांत ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) नसतो, तेव्हा नेक आज जसा आहे तसाच तो कायम राहणार.

पुराव्यांच्या नादात वाजवून बघायचे राहून जाते, असेही मी पाहिले आहे. ब्रिजच्या बाजूने नेकवरून नजर टाकून पीळ बघावा. बॉडीकडच्या शेवटच्या फ्रेटांपाशी (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपाशी) फिंगरबोर्ड, म्हणजे बोटे टेकवायची फळी, वर उचललेला आहे का, तेही. ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का, हे मालकाच्या परवानगीने तपासावे. जुन्या रिकनबॅकर ४००१चा अपवाद मात्र पाळावा, कारण तिच्या दोन रॉडांच्या पद्धतीत नेक आधी हाताने वाकवून मग नट आवळायचा असतो. नुसताच नट आवळला तर फिंगरबोर्ड सुटण्याची भीती असते. 'जी' (G) सुराच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर धरून ठेवावा. स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बासवर तिथे एखादा सूर लवकर विझणे सर्रास आढळते. तो किती लवकर विझतो, ते स्वतःच्या कानांनीच ठरवावे.

मालकीची साखळी हा विषय अनेक जण टाळतात. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली हॉफ्नर बास १९७२ साली चोरीला गेली आणि ती परत मिळाल्याचे २०२४ साली जाहीर झाले. बासवादक जाको पास्टोरियस यांची १९६२ची फ्रेटविरहित जॅझ बास १९८६ साली न्यू यॉर्कमध्ये चोरीला गेली. दोन दशकांनी ती सापडल्यावर मालकीचा वाद झाला आणि मेटॅलिकाचे बासवादक रॉबर्ट त्रुहियो यांच्या मदतीने तो २०१० साली मिटला. मोटाउनचे बासवादक जेम्स जेमरसन यांची चोरीला गेलेली १९६२ची प्रिसिजन तर अजून सापडलेली नाही. या तिन्ही चोऱ्यांनंतर मध्ये कोणाकडे तरी ते वाद्य होते, आणि त्यातल्या एखाद्याने ते पैसे मोजून भाबडेपणाने घेतलेले असू शकते. म्हणून आधीच्या मालकाचे नाव, जुनी पावती, दुरुस्तीचे बिल, जुन्या मैफलीतले छायाचित्र, जे असेल ते मी मागते.

देशाबाहेर विकताना लाकडाचा कायदा आडवा येतो. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या फेंडरच्या फिंगरबोर्डांत तेच लाकूड आढळते. २०१७ साली रोझवुडच्या सगळ्याच प्रजातींवर निर्बंध आले आणि २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण ती सूट ब्राझिलियनला नाही. कागदपत्रांविना पाठवलेले वाद्य सीमाशुल्क खात्यात अडकते. पाठवताना तारा थोड्या उतरवाव्यात, हेडस्टॉकखाली (नेकच्या टोकाखाली) आणि भोवती पोकळी राहू देऊ नये, आणि थंडीतून आलेली केस दिवसभर बंदच ठेवावी, नाहीतर लाखेला तडे जातात.

मी विकते तेव्हा वर्णनाची सुरुवात दोषांनी करते : कोणते फ्रेट झिजले आहेत, कुठे भोक बुजवले आहे, कोणता स्क्रू नंतरचा आहे. नेक, पॉट आणि खाच यांची छायाचित्रे कोणी मागण्याआधीच दिलेली असतात. गेल्या वेळचा खरेदीदार ती सगळी बघून आला होता; तरीही त्याने खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि नेक उतरवू का, असे विचारले. मी केस त्याच्याकडे सरकवली आणि जुन्या भागांची पिशवी शेजारी ठेवली.