पिवळ्या सपाता

जुलैतली दुपार, तीन दिवस उघडीप नाही, आणि मी छत्री शोधायला कपाटाच्या खालच्या कप्प्यात हात घातला तर एकदम तो वास आला. बुरशीचा नव्हे, बुरशीचा वास पावसाळ्यात घरचाच झालेला असतो. हा वेगळा. चुना, ओलं कातडं आणि कबुतरांनी भरलेली गॅलरी, असं सगळं एकत्र. पेपरात गुंडाळलेल्या पिवळ्या सपाता निघाल्या. मोरोक्कोतल्या फेसहून आणलेल्या. वर्षाचे आठ महिने शहाण्यासारख्या गप्प पडून असतात, हवा दमट झाली की बोलायला लागतात.

"काही मेलंय का त्या कपाटात?" आतून आवाज आला. मी म्हटलं, नाही, चपला आहेत. "मग फेकून दे ना." दरवर्षी एवढंच बोलणं होतं आमचं या विषयावर.

तिकडे यांना बाबूश म्हणतात. मऊ कातडं, पुढे जरा टोक आणि टाच दुमडून सपाट केलेली. माझं अख्खं लहानपण बुटांच्या टाचा दुमडून घालतो म्हणून ओरडा खाण्यात गेलं, "नवे बूट आणि त्याच्या सपाता करून ठेवल्यास" हे आईचं ठरलेलं वाक्य, आणि इथे मोरोक्कोत बघतो तर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे टाच मोडूनच फिरतायत आणि कुणाची आई काही बोलत नाहीये! त्या देशाबद्दल मला जे प्रेम वाटायला लागलं ते इथून.

फेस म्हणजे साबणाचा नव्हे, शहराचं नाव आहे, पण तोंडाला फेस आणतं हे मात्र खरं. त्यातला जुना भाग फेस एल बाली, आठव्या शतकाच्या शेवटी वसवायला घेतलेला, १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत. गल्ल्या नऊ हजारांच्या वर आहेत म्हणतात. मोजल्या कुणी असतील देव जाणे, पण मी त्यातल्या निम्म्या तरी पायाखाली घातल्या असणार आणि त्याही चुकून. आत गाडी येत नाही, येऊच शकत नाही, काही बोळ इतके अरुंद की समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला पाठ लावायची. सगळा माल खेचरांवर आणि गाढवांवर. मागून "बालाक, बालाक!" ओरडा आला की बाजूला व्हायचं, का कशाला विचारायचं नाही, कारण तोवर गॅस सिलेंडर लादलेलं खेचर तुमच्या कोपराला घासून गेलेलं असतं. मला हे दुसऱ्या दिवशी अंगवळणी पडलं. पुण्यात टू-व्हीलर फुटपाथवर आली की आजही माझ्या तोंडून बालाक निघतं.

दुकानदारांना आपण इंडियन आहोत हे लांबूनच कळतं. "शारुख खान! अमिताभ बच्चन!" अशा हाका. एकानं तर दोन ओळी गाऊन दाखवल्या, मला त्या पुढे येत नव्हत्या, त्यालाच माझं वाईट वाटलं.

तर सपाता. चुआराची टॅनरी, म्हणजे कातडी कमावायची जागा, बघायला सगळेच जातात, मीही गेलो. कातड्याच्या दुकानातून तीन जिने चढून गच्चीवर जायचं आणि जिन्यात एक माणूस हातात पुदिन्याची काडी देतो. मला वाटलं चहाला असेल, तर नाकाला धरायला! वरून खाली बघितलं की रंगांचा डबा उघडून ठेवल्यासारखी गोल गोल कुंडं, पांढरी एका बाजूला, रंगाची दुसऱ्या बाजूला, आणि त्यात मांडीपर्यंत उतरलेली माणसं कातडी तुडवतायत. पांढऱ्या कुंडांत चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यातल्या अमोनियानं कातडं मऊ पडतं. म्हणजे आम्ही सोसायटीत ज्या गोष्टीसाठी वर्गणी काढून जाळी बसवली ती इथे पोत्यानं विकत घेतात. गाईड म्हणाला पिवळा रंग केशराचा. मी हसलो. मसाल्याच्या दुधात चार काड्या टाकताना आईचा हात कसा आखडतो ते बघितलेला माणूस आहे मी.

पुदिना नाकाशी धरून वर उभे राहिलेले आम्ही आणि खाली कुणाच्याच हातात पुदिना नाही. फोटो काढला एक, मग नको वाटलं.

सपाता तिथे घेतल्या नाहीत, गच्ची दाखवणाऱ्या दुकानात भाव गच्चीसकट असतो. अत्तारीनच्या मागच्या एका बोळात घेतल्या. (अत्तारीन म्हणजे अत्तारांचा बाजार, हा शब्द कळायला मला डिक्शनरी लागली नाही, माझ्या वर्गातच एक अत्तार होता.) म्हातारा दुकानदार, जेलाबा म्हणजे तिकडचा पायघोळ झगा घातलेला, भिंतभर नुसत्या सपाता. बाबांसाठी हव्या होत्या. म्हणाला अडीचशे दिरहम. दिरहम म्हणजे तेव्हा आठेक रुपये, लावा हिशोब. मी होटेलातल्या पोरानं शिकवलेलं "गाली बझ्झाफ" म्हणून टाकलं, म्हणजे फार महाग, शिवी नाही. तो दोनशेवर आला. मी शंभर म्हटलं. तो हसला आणि पुढे सरकेचना.

आता इथे बाबा आठवणारच. कोल्हापुरात चप्पल लाइनला दर दोन वर्षांनी आमची एक फेरी असायची. बाबा चप्पल हातात घेऊन वाकवायचे, वास घ्यायचे, भाव विचारायचे, मान हलवायचे आणि "चला" म्हणून निघायचे. निघताना माझ्या खांद्यावर हात. तो हात प्रेमाचा नव्हता, मागे वळून बघू नकोस याचा होता, मी मान वळवायला लागलो की बोटं रुतायची. मी पावलं मोजायचो. सात, फार तर आठ, आणि मागून "ओ साहेब, या की हिकडं!" दरवेळी. मला ती जादूच वाटायची. परत येताना बाबा पानपट्टीवर थांबून काही न बोलता मला गोळी घेऊन द्यायचे.

मी पण "चला" म्हटलं, एकटाच असून, आणि निघालो. सात. आठ. बारा. वीस. कुणी हाक मारली नाही. वळून बघितलं तर बघायला दुकानच उरलं नव्हतं, बोळ कधीच वळलेला होता.

मग पाऊण तास मी फेस बघितलं. मॅपमधला निळा ठिपका घरांच्या आत शिरून बसला. एक पोरगं म्हणालं रस्ता बंद आहे, माझ्यामागे या, तो बंद नसतो एवढं मला माहीत होतं, पण उघडा असून जातो कुठे ते माहीत नव्हतं. एका वळणावर करवीयीनचं दार लागलं, ८५९ सालापासूनची मशीद, पुढे विद्यापीठही झालेली, फातिमा अल फिहरी नावाच्या बाईनं उभारली म्हणतात. मुस्लिम नसलेल्यांना आत सोडत नाहीत, उंबऱ्यातून अंगण दिसलं, पांढरं, थंड. तिथून टण टण आवाज आला म्हणून त्या दिशेनं गेलो तर सफारीनचा चौक, तांबट झाडाखाली बसून घमेल्याएवढी भांडी ठोकतायत, क्षणभर कसब्यातली तांबट आळीच. हायसं वाटलं. सापडलो एकदाचे म्हणून ऐटीत निघालो, डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, आणि समोर तोच म्हातारा.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला वाटलं मी सगळा बाजार पालथा घालून, सगळीकडे भाव करून, शेवटी त्याच्याकडेच आलो! आता कशाला तो खाली येतोय. स्टूल दिलं, पुदिन्याचा चहा मागवला, पोऱ्यानं हातभर वरून अमृततुल्यवाल्यासारखा ओतला, साखरेचा नुसता पाक, आणि म्हातारा प्रेमानं म्हणाला, दोनशे. मी हरवलो होतो हे सांगायची लाज वाटली. दोनशे मोजले.

घरी बाबांना शंभर सांगितले. त्यांनी सपाता वाकवून बघितल्या, वास घेतला, चेहरा आक्रसला, तरी घातल्या. आठशे रुपये? "चालायला नाही का लागलास?"

लागलो होतो.

"मग?"

मग काय सांगणार. "हाक मारली ना त्यानं," म्हटलं. बाबा खूश.

दोन हिवाळे त्यांनी त्या घरात घातल्या, आई टाचेवरून बोलायची आणि बाबा तिला "मोरोक्कोची फॅशन आहे" म्हणायचे. नंतर त्यांच्या बाकीच्या सामानाबरोबर त्या माझ्याकडे आल्या. मला एक नंबर मोठ्या होतात.

छत्री सापडली नाही. फ्रीजमध्ये पुदिन्याची जुडी होती, चार काड्या एका सपातेत खोचल्या, चार दुसरीत, पेपर गुंडाळला आणि कप्पा बंद केला. संध्याकाळी भजी झाली.

"अरे, चटणीचा पुदिना कुठे गेला?"

मी काही बोललो नाही.