१९९ वाढत होता, पण डेटा केबल निर्दोष निघाली

माझ्या सर्व्हरच्या आठ डिस्कपैकी चार एरर देत होत्या आणि संशय डेटा केबलवर होता. मागच्या नोंदीत ठरल्याप्रमाणे डिस्क जोडणाऱ्या ९२११-८आय कार्डाला नवी ब्रेकआउट केबल (एका पोर्टमधून चार डिस्कना जाणारी) लावली. फरक शून्य. स्क्रबला (सगळा डेटा वाचून तपासण्याला) जोर आला की आठपैकी त्याच चार डिस्कवर चेकसम एरर, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) लिंक रीसेटची रांग, आणि स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींतला, १९९ (यूडीएमए सीआरसी, डेटा वाहताना झालेल्या चुकांचा आकडा) पुन्हा चढलेला. रेडझेड२ (झेडएफएसची दुहेरी पॅरिटीची मांडणी) दोन डिस्क गेल्या तरी तगतो. चार एकदम गायब झाल्यावर पूल (डिस्कचा एकत्रित साठा) सस्पेंड होणारच.

१९९ वाढला की केबल बदला, हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. इथे केबल नवीच होती, म्हणून कार्डावरची दोन्ही एसएफएफ-८०८७ टोकं (केबलचे कार्डाकडचे प्लग) आपसांत बदलली. पोर्ट खराब असता तर एरर दुसऱ्या चौकडीवर गेले असते. गेले नाहीत. उरल्या त्या डिस्क आणि त्यांची पॉवर. चार डिस्क एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडतील हे काही पटत नाही.

मग ज्यांच्याकडे कोणी बघत नाही ते स्मार्टचे दोन आकडे उघडले: १२ (पॉवर सायकल, वीज किती वेळा गेली-आली) आणि १९२ (पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट, वीज गेल्याने हेड किती वेळा घाईत मागे घेतलं). सर्व्हर बंद केलेला नसताना या चौघींचे हे दोन्ही आकडे वाढत होते, बाकी चौघींचे जागच्या जागी. म्हणजे डिस्कची वीज चालू कामात क्षणभर खाली जात होती. डिस्क रीसेट होते, लिंक अर्ध्यात तुटते, आणि त्या गोंधळात १९९ फुकटचा बदनाम होतो. या चारही डिस्क एकाच मोलेक्स-टू-साटा स्प्लिटरवर (सप्लायच्या एका मोलेक्स प्लगमधून अनेक डिस्कना वीज वाटणाऱ्या फाट्यावर) होत्या.

मल्टिमीटर लावताना सगळे पिवळी तार, म्हणजे १२ व्होल्ट बघतात. स्क्रब चालू असताना शेवटच्या कनेक्टरवर ती ११.७४ होती, म्हणजे एटीएक्सच्या (पीसी पॉवर सप्लायच्या मानकाच्या) ११.४ च्या मर्यादेत आरामात. लाल तारेवर मात्र ४.६८. ५ व्होल्टची खालची हद्द ४.७५ आहे आणि डिस्कचा सर्किट बोर्ड मुख्यतः याच तारेवर चालतो. पॉवर सप्लायच्या टोकाला ५.०४ होते, तेव्हा सप्लायही निर्दोष.

व्होल्ट नेमके कुठे गळतात, हे शोधायची सोपी युक्ती: मीटर मिलिव्होल्टवर ठेवा, एक प्रोब मोलेक्सच्या सप्लायकडच्या लाल तारेवर, दुसरा त्याच जोडाच्या स्प्लिटरकडच्या लाल तारेवर. चांगल्या जोडात लोडखाली मोजके मिलिव्होल्ट दिसतात. इथे २१० दिसले. काळ्या तारांवरही थोडा ड्रॉप होताच. प्रोब मागच्या बाजूने, तारेच्या कडेने आत सरकवा आणि शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. साधा मीटर सरासरी दाखवतो, खरी बुडी त्याहून खोल असते. मिन-मॅक्स (सर्वांत कमी-जास्त आकडा धरून ठेवणारा) मीटर असेल तर तोच वापरा.

जोड उघडला तर लाल तारेची मादी पिन सैल झालेली आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. मोल्डेड (प्लास्टिक ओतून बंद केलेल्या) स्प्लिटरबद्दल माझं मत आता पक्कं आहे: घेऊच नका. आत तारा कशा बसवल्यात ते दिसत नाही आणि वितळून पेटल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घ्यायचंच झालं तर क्रिंप केलेला (तारा पिनमध्ये दाबून बसवलेला), १८ एडब्ल्यूजी जाडीच्या तारेचा घ्या.

इथे स्प्लिटर काढूनच टाकला. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायचे दोन पेरिफेरल पोर्ट, प्रत्येकी चार साटा कनेक्टर. केबल त्याच सप्लायसोबत आलेलीच वापरा. प्लग बसला म्हणून दुसऱ्या मॉडेलची लावलीत तर पिनआउट (कोणत्या पिनवर कोणती तार) वेगळा निघून सगळ्या डिस्क एका झटक्यात जातील. आता शेवटच्या कनेक्टरवर ४.९७.

एक गोड भाग. तिसऱ्या डिस्कवर १९७ (पेंडिंग सेक्टर) ८ दाखवत होता आणि वॉरंटीत पाठवायची तयारी झाली होती. पण ५१२ बाइटचे ८ म्हणजे ४ केचा एकच फिजिकल सेक्टर, बहुधा लिहिताना वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेला. स्क्रबने पॅरिटीतून तो पुन्हा लिहिला: १९७ शून्य, ५ (बदलावे लागलेले सेक्टर) सुद्धा शून्य. डिस्क ठणठणीत, वॉरंटीचा बेत रद्द.

पुढे स्टॅगर्ड स्पिन-अप (डिस्क एकामागून एक फिरवायला लावणं) करायचं होतं, कारण सुरू होताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर खेचते, आठ मिळून १६. कार्डाच्या बायॉसमध्ये ती सोय आहे, पण आयटी मोड (डिस्क थेट सिस्टिमला दाखवणारं फर्मवेअर) फ्लॅश करताना बूट रॉम वगळला असेल तर तो स्क्रीनच येत नाही. लिहिता लिहिता वाटतंय, ते राहू दे. आधी १२, १९२ आणि १९९ रोज रात्री नोंदवून कालच्याशी ताडून बघणारा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम). त्यानंतर कार्डाच्या हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा, फिनच्या फटीत ३ मिमीचे स्क्रू आवळून.