तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे पाण्यावरून भांडणं होत नाहीत का?

पाणीवापर संस्थांच्या बैठकीत मी बालीतल्या भातखाचरांचे फोटो दाखवतो, तेव्हा मागून कुणीतरी हमखास विचारतं, "साहेब, तिथे पाण्यावरून भांडणं होत नाहीत का?" विचारणारा बहुतेक टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी असतो. हेडवाल्याला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी शेत असलेल्याला हा प्रश्न पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. बैठकीत उत्तराला वेळ नसतो, पुढे पाणीपट्टीचा विषय असतो. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितो.

भांडणं होतात. रात्री बांध फोडून पाणी वळवणारे तिथेही आहेत आणि सापडले तर त्यांना दंडही होतो. पण हेडवाल्याने मनसोक्त भिजवून घ्यायचं आणि टेलवाल्याने आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी संपेपर्यंत कोरड्या चारीकडे बघत बसायचं, हे तिथे सहसा चालत नाही. का चालत नाही, याचं उत्तर पाहुण्यांना दिलं जातं ते धर्माचं, संस्कृतीचं, निसर्गाशी असलेल्या नात्याचं. मला ते अर्धंच पटतं. माझ्या मते हेडवाल्याला सरळ ठेवण्याचं निम्म्याहून जास्त काम उंदरांनी केलंय.

उंदरांकडे येतोच, पण आधी गाव बघा.

जातिलुविह हे इंडोनेशियाच्या बाली बेटावरचं डोंगराळ गाव. जिल्हा ताबानान, तालुका पेनेबेल. मागे बातुकारू पर्वत, २,२७६ मीटर उंच. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर हे वसलंय. दुपारनंतर ढग उतरतात आणि समोरचं काही दिसेनासं होतं. किनाऱ्यावरच्या बालीची चित्रं डोक्यात घेऊन येणारे इथे कुडकुडतात. घरं म्हणजे एकेक भिंतबंद वाडा. वाड्याच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात कुलाचं देऊळ, समुद्राकडच्या बाजूला डुकरांचं खुराडं. रोजच्या बोलण्यात दिशाही तशाच, डोंगराकडे आणि समुद्राकडे. डुकराचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो, हिंदू ना ते? हो, हिंदूच. डुक्कर खातात, सणाला तर आवर्जून खातात. इथेच हा विषय संपवू.

भात दोन तऱ्हांचं. एक जुनं देशी, उंच वाढणारं लाल तांदळाचं. ते वर्षातून एकदाच घेतात आणि तयार व्हायला जवळजवळ सहा महिने लागतात. दुसरं लवकर येणारं सुधारित वाण, ते उरलेल्या हंगामात. देशी भाताची कापणी जुन्या रीतीने करायची तर विळा चालत नाही. मुठीत लपेल एवढं पातं असतं, त्याने एकेक लोंबी खुडायची. उघडं हत्यार बघून भातदेवी देवी श्री घाबरेल, असं सांगतात. मी ते पातं हातात घेऊन पाहिलं. अर्ध्या तासात माझी जी लहानशी पेंढी झाली, ती पाहून शेजारच्या आजी तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. म्हणजे पदर त्यांना नव्हता, पंचा होता. लोंब्यांच्या पेंढ्या बांधून लाकडी खांबांवरच्या कोठारात रचतात. सुधारित भाताला मात्र एवढे लाड नाहीत. तिथे विळा, मळणी आणि सरळ पोत्यात. चिखलणीलाही आता बैल क्वचित, छोटे हातट्रॅक्टर फिरतात. एका खाचरातून खालच्या खाचरात ट्रॅक्टर उतरवणं हे बघण्यासारखं काम आहे, करण्यासारखं अजिबात नाही.

आता पाणी. आपण गाव म्हटलं की ग्रामपंचायत, शिवार, सोसायटी सगळं एकाच हद्दीत धरतो. तिथे तसं नाही. सरकारी कागदावरचं गाव वेगळं, रूढीचं गाव वेगळं, वस्तीचा संघ म्हणजे 'बंजार' वेगळा आणि शेतीपाण्याचा संघ वेगळा. या शेवटच्याला 'सुबाक' म्हणतात. सुबाकची हद्द पाणी ठरवतं. एका बंधाऱ्यातून निघणाऱ्या पाटावर ज्यांची ज्यांची खाचरं भिजतात ते सगळे त्या सुबाकचे सभासद, मग घर कुठल्याही गावात असो. दोन पाटांवर दोन तुकडे असलेला माणूस दोन सुबाकचा सभासद असतो आणि दोन्हीकडच्या कामाला त्याला जावं लागतं. जातिलुविहचा सुबाक साधारण ३०० हेक्टरचा. प्रमुखाला 'पेकासेह' म्हणतात, त्याला सभासदच निवडतात. बालीत सुबाकचे उल्लेख अकराव्या शतकातल्या लेखांत सापडतात. म्हणजे आपल्याकडे कल्याणीचे चालुक्य राज्य करत होते तेव्हा हे लोक पाटाच्या सफाईला न येणाऱ्यांवर नजर ठेवून होते, असं समजायला हरकत नाही.

मला सगळ्यात जास्त आवडली ती पाणी वाटायची जागा. पाटात आडवा ओंडका टाकलेला असतो, हल्ली काँक्रीटचा उंबरा. त्यात खाचा पाडलेल्या. ज्याचं क्षेत्र जास्त त्याची खाच रुंद, ज्याचं कमी त्याची अरुंद, पण सगळ्या खाचांचा तळ एकाच पातळीत. पाणी भरपूर आलं तर सगळ्यांना भरपूर, आटलं तर सगळ्यांचं त्याच प्रमाणात आटतं. गेट नाही, कुलूप नाही, त्यामुळे चावी कुणाकडे हा वादही नाही. कुणी खाचेत दगड अडकवला तर येणाजाणाऱ्याला उघड दिसतो. आपण मोजमापाची यंत्रं बसवतो आणि पुढच्या हंगामात ती मोडलेली सापडतात. हा ओंडका मोडण्यात कुणाचा फायदाच नाही.

पण ओंडका एका सुबाकच्या आतला न्याय करतो. वरच्या सुबाकने नदीवर बंधारा घालून आपल्यापुरतं पाणी उचललं आणि खालच्या सुबाकला ठेंगा दाखवला, तर? वरच्याला अडवणार कोण? पोलीस नाहीत, पाटबंधारे खात्याचा शाखा अभियंता नाही.

अडवतात ते उंदीर आणि तुडतुडे.

हिशेब असा आहे. भाताचे उंदीर आणि कीड एका खाचरात राहत नाहीत. वरचं भात कापलं की ती खालच्या उभ्या भातात जातात, खालचं कापलं की परत वर. ही ये-जा तोडायची तर सगळ्या खोऱ्याने एकदम लावणी करायची, एकदम कापायचं आणि नंतर काही आठवडे सगळी जमीन एकाच वेळी पाण्याखाली किंवा पडीक ठेवायची. खायला काही उरलं नाही की कीड उपाशी मरते. औषध नाही, खर्च नाही. मात्र एकट्यादुकट्याने केलं तर उपयोग शून्य. आणि सगळ्यांनी एकदम लावणी करायची तर चिखलणीचं पाणी सगळ्यांना एकाच वेळी लागणार, तेव्हा नदी पुरत नाही. म्हणजे पाण्यासाठी लावण्या मागेपुढे हव्यात आणि किडीसाठी एकत्र हव्यात. या दोन्हींचा मध्य कुठे काढायचा, हाच तिथला खरा शेतीप्रश्न.

आता टेलवाल्याच्या हातात काय आलं बघा. तो वरच्याला सांगू शकतो, आम्हाला वेळेवर पाणी नाही दिलंत तर आमची लावणी उशिरा होईल, आमचं भात तुमच्यानंतर उभं राहील आणि आमचे उंदीर तुमच्या पुढच्या रोपात येतील. हे धमकीच्या सुरात बोलायचीही गरज नसते. वरच्याला ते माहीतच असतं. जे. स्टीफन लॅन्सिंग नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने बालीत अनेक वर्षं हेच तपासलं. वरच्या शेतकऱ्यांना विचारलं की कशाची काळजी जास्त, तर ते कीड म्हणायचे. खालचे पाणी म्हणायचे. दोघांची दुखणी वेगळी असल्यामुळेच सौदा जमतो. जेम्स क्रेमर या परिसंस्थांच्या अभ्यासकाबरोबर त्याने ओस आणि पेतानू या दोन नद्यांवरचे १७२ सुबाक संगणकात मांडले. प्रत्येक सुबाकने शेजाऱ्यांपैकी ज्याचं पीक चांगलं त्याचं वेळापत्रक उचलायचं, एवढाच नियम दिला. थोड्याच फेऱ्यांत जे चित्र तयार झालं ते प्रत्यक्षातल्या देवळांच्या वेळापत्रकाशी बरंच जुळलं.

देवळांचं वेळापत्रक? हो, कारण लावणी कधी हे देवळात ठरतं. पाणी जिथे वळतं तिथे छोटं ठाणं, अनेक सुबाक मिळून मोठं देऊळ, आणि जातिलुविहच्या भागात सगळ्यांच्या वर बातुकारू पर्वतावरचं देऊळ. पाणी पाटात घेताना पूजा, पहिली कुदळ मारताना पूजा, भात पोटरीला आलं की डोहाळजेवण म्हणावं असा एक विधी. २१० दिवसांच्या पंचांगावर हे सगळं बसवलेलं. आपल्याला त्यातली फुलं आणि धूप दिसतो. मला त्यात आपल्याकडची, पाणी कधी सोडायचं ते ठरवणारी कालवा सल्लागार समिती दिसली, फरक एवढाच की इथे ठरलेली तारीख पाळली जाते. उंदरांचंही तसंच. ते फार माजले की ताबानान भागात गावं एकत्र येऊन हजारोंनी उंदीर मारतात आणि मग त्यांना रीतसर अग्नी देतात, माणसांना देतात तसा, मंत्रांसह. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण सगळ्या गावांनी एकाच काळात उंदीर मारले पाहिजेत, ही अट त्यामुळे आपोआप पाळली जाते.

धर्माला मी कमी लेखत नाही. तो लोकांना त्या दिवशी तिथे जमवतो, हे मोठंच काम. पण बालीच्या पश्चिमेकडच्या जेंब्राना जिल्ह्यात मुस्लिम शेतकरीही सुबाकचे सभासद आहेत आणि पाणी त्यांनाही त्याच हिशेबाने मिळतं. पर्यटकांच्या प्रत्येक फलकावर 'त्रि हित करण' लिहिलेलं असतं: देव, माणूस आणि निसर्ग यांचा मेळ. हजारो वर्षांचं तत्त्वज्ञान म्हणून ते सांगितलं जातं. या नावाने त्याची मांडणी मात्र १९६०च्या दशकातली आहे. पाट त्याच्या कितीतरी आधीपासून वाहतोय.

हे सगळं मोडून पाहण्याचा प्रयोगही झालाय. १९७०च्या दशकात सरकारने हरितक्रांतीची मोहीम आणली. नवी वाणं, खत, औषध, कर्ज, आणि सांगणं एकच: पाणी असेल तेव्हा लावा, जितकी पिकं निघतील तितकी काढा. देवळाचं वेळापत्रक म्हणजे मागासपणा. पहिली काही वर्षं उत्पादन वाढलं. मग ज्याची लावणी त्याच्या मर्जीने होऊ लागली, खोऱ्यात बाराही महिने कुठे ना कुठे हिरवं भात उभं राहिलं, आणि तपकिरी तुडतुडे, टुंग्रो रोग आणि उंदीर यांनी शेतं साफ केली. पाण्याची ओढाताणही वाढली. औषधं मारली तर तुडतुडे खाणारे कोळी आधी मेले. शेवटी १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. शेतकरी त्याआधीच देवळाकडे परत वळू लागले होते. भक्ती वाढली म्हणून नव्हे, भात जात होतं म्हणून.

इथे धुळ्याकडचे लोक म्हणतात, हे तर आमच्या फड पद्धतीसारखं. बरोबर आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, शिवाराचे तीन-चार फड म्हणजे भाग, एका फडात एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवला तरी सगळ्यांचं सारखंच नुकसान. म्हणजे हेडवाल्याला टेलमध्ये गुंतवून ठेवण्याची युक्ती आपल्यालाही सुचली होती, उंदरांच्या मदतीशिवाय. नंतर वर धरणं झाली, शेतात विहिरी आल्या, ऊस आला. ज्याची विहीर भरली त्याला फडाची गरज उरली नाही.

जातिलुविहमध्ये मला तीच भीती वाटते. २०१२ मध्ये युनेस्कोने बालीतल्या सुबाक प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. साडेएकोणीस हजार हेक्टरचा तो भाग, त्यात हे गाव. तेव्हापासून रस्त्याच्या कडेला उपाहारगृहं, तिकीटघर, गाड्यांची रांग, लाल तांदळाच्या चहाची पाकिटं. पैसा आला, तो वाईट नाही. मुलांच्या फिया त्यातून भरल्या जातात आणि मुलं शिकून बालीची राजधानी देनपसारला किंवा जहाजावर नोकरीला जातात. पेकासेहशी बोलताना मी उंदरांचा हिशेब काढला तर तो हसला. म्हणाला, तो हिशेब भातावर पोट असणाऱ्यांचा आहे. रस्त्याकडेच्या खाचरात ज्याने चहाचं दुकान टाकलंय, त्याच्या भातात उंदीर शिरले तरी दुकान चालतंच. मग सफाईच्या दिवशी तो स्वतः येत नाही, दंड भरून टाकतो. दंड त्याला परवडतो.

म्हणून परवा टेलच्या एका शेतकऱ्याने बैठकीत विचारलं की आपल्याकडे हे कसं आणायचं, तेव्हा मी त्याला उलट विचारलं, तुमच्या हेडवाल्याचं असं काय आहे, जे तुमच्या हातात आहे? तो विचार करत खाली बसला आणि हेडवाल्याने पाणीपट्टीचा विषय काढला.