टेम्प फाइल कुठे बनवायची?

पायथन प्रोग्रॅममधून कॉन्फिग फाइल (सेटिंग्जची फाइल) थेट उघडून लिहू नका. मध्येच वीज गेली की अर्धवट फाइल हाती येते. आधी टेम्प (तात्पुरत्या) फाइलमध्ये लिहा, फ्लश आणि एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरतो), मग ओएस.रिप्लेसने ती एका झटक्यात मूळ नावावर बसवा.

पण टेम्प फाइल मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये हवी. लिनक्सवर टीएमपी फोल्डर (तात्पुरत्या फाइल्सची जागा) बरेचदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतो, कधी तर चक्क रॅममध्ये. तिथून रिप्लेस केलं की एरर 18, म्हणजे एका फाइलसिस्टिमवरून दुसरीवर नाव बदलता येत नाही. टेम्प फाइल बनवणाऱ्या पायथनच्या एमकेएसटेम्पला ‘डीआयआर’ (कुठल्या फोल्डरमध्ये ते) द्यायचं राहिलं की बरेचदा हेच होतं. (पायथनचं फाइल हलवणारं शटिल.मूव्ह चालतं खरं, पण अशा वेळी ते कॉपी करतं आणि मध्येच वीज गेली की पुन्हा अर्धवट फाइल, म्हणजे मूळ हेतूच बारगळला.)

एमकेएसटेम्पची फाइल 0600 परवानगीने (फक्त मालकच वाचू-लिहू शकतो) बनते आणि रिप्लेसनंतरही तीच राहते. वेब सर्व्हर दुसऱ्या युजरने चालत असेल तर त्याला ती वाचता येत नाही. सीएचमॉड (परवानगी बदलणं) रिप्लेसच्या आधीच उरका.