दोन ट्रॉल्या, दहा कोयते, तीन मोटारसायकली: ऊसतोडीला निघतानाची बांधाबांध

दसरा झाला की बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा भागातून ट्रॅक्टर हलायला लागतात. पुढं हेड, म्हणजे ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि त्यात दहा कोयत्यांच्या (एक कोयता म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी) टोळीचं पाच-सहा महिन्यांचं घर. खोपीचे पत्रे, बांबू, ताडपत्री, धान्याची पोती, भांडी, पाण्याच्या टाक्या, अंथरुणं. हल्ली त्यात प्रत्येक टोळीच्या दोन-तीन मोटारसायकली असतातच, कारण अड्ड्यावरून, म्हणजे टोळीच्या मुक्कामावरून, बाजाराला, दवाखान्याला जायचं तर दुसरं साधन नसतं.

भरलेल्या उसाची ट्रॉली ओढायची सवय प्रत्येक ड्रायव्हरला असते. पण ऊस रचून, दाबून बांधला की एकजीव होतो. संसार तसा होत नाही. गचका बसला की पोतं एकीकडं सरकतं, टाकी दुसरीकडं, मोटारसायकल तिसरीकडं. केजकडून पंढरपूर, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात टोळ्या पोचवताना मी जी पद्धत पक्की केली ती सांगतो.

सुरुवात माणसांपासून. ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत. मालाच्या ट्रॉलीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतल्या माणसांची जोखीम धरलेली नसते. कायदा बाजूला ठेवला तरी, गचक्याला पत्रा किंवा टाकी सरकली तर पोत्यावर बसलेल्या लेकराला हलायलाही जागा नसते. बायका-लेकरं एसटीनं किंवा वेगळ्या जीपनं जावीत, आणि ते भाडं उचल (आगाऊ रक्कम) ठरवतानाच मुकादमाशी बोलून घ्यावं. निघायच्या दिवशी हा विषय काढला की मग "या वेळी बसू द्या" होतं. मडगार्डवरही कुणी बसायचं नाही.

आता हेड आणि ट्रॉल्यांची जोडणी. सगळा भार एका पिनेवर असतो आणि सगळ्यात कमी लक्षही त्याच पिनेकडं असतं. पिन बाहेर काढायची, चिंधीनं ग्रीस पुसायचं आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवायचं. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीचं कडं जिथं घासतं तिथं नखाला पायरी लागली की पिन बदलायची. कडंही बघायचं. गोल भोक लांबट झालेलं असेल तर प्रत्येक वेळी ब्रेक मारताना ट्रॉली आधी मोकळी सरकते आणि मग ठोका देते. तो ठोका पिनेला खातो, हुकाच्या बोल्टांनाही खातो. अशा कड्याला वेल्डिंगचा थर देऊन पुन्हा गोल करून घेता येतं, पण ते काम ओळखीच्या, हात चांगला असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्यावं.

पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून वर बायंडिंग तार गुंडाळलेली मी बऱ्याच ठिकाणी बघतो. सळईला डोकं नसतं, ती वाकते, आणि तार घासून तुटते. डोकं असलेली पिन, खालून आर-पिन (इंग्रजी R च्या आकाराची तारेची क्लिप), आणि खिशात एक जादा आर-पिन. शिवाय दोन्ही जोडांवर साखळ्या: हेड आणि पुढच्या ट्रॉलीमध्ये दोन, पुढच्या आणि मागच्या ट्रॉलीमध्ये दोन. त्या दांडीखालून एकमेकींना छेदून न्यायच्या. पिन निसटली तर दांडी रस्त्यात न घुसता साखळ्यांच्या झोळीत पडते आणि थांबायला वेळ मिळतो. वळताना ताण येणार नाही इतकी ढिली आणि रस्त्याला घासणार नाही इतकी आखूड, हे दोन्ही जमलं की साखळीची लांबी बरोबर.

ओढणारा हुक कायम खालचाच. टॉपलिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागेवरून किंवा हाऊसिंगला बांधलेल्या दोरानं कधीही ओढू नये. ओढ मागच्या ॲक्सलच्या वर गेली की ट्रॅक्टरचं तोंड उठतं आणि तो मागं उलटतो. एवढं व्हायला एक-दोन सेकंद पुरतात. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना हीच चूक होते.

भरताना जड सामान पुढच्या ट्रॉलीत, हलकं मागच्या. दोन ट्रॉल्यांच्या गाडीत हेडनं घेतलेला छोटा हेलकावा शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोचताना मोठा होतो. शेवटची जड असेल तर ती पुढच्या सगळ्यांना ओढून नेते. दहा कोयत्यांचं धान्य कोयत्यामागं ५० किलोचे दोन कट्टे धरले तरी एक टन भरतं. ते पूर्ण पुढच्या ट्रॉलीत, तळाला. त्याच्याही खाली पत्रे सपाट अंथरायचे. पत्रा वर ठेवला की वारा त्याला उचलतो आणि त्याची धार दोर कापते. पत्र्यांवर कट्टे ठेवले की दोन्ही कामं होतात. पाण्याच्या टाक्या रिकाम्या न्यायच्या. २०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे २०० किलो, आणि अर्धी भरलेली त्याहून वाईट, कारण आतलं पाणी डुचमळत राहतं. कोयते पोत्यात, पाती आतल्या बाजूला करून बांधलेले.

चार चाकी ट्रॉलीत वजन दोन्ही ॲक्सलांच्या मधे समान पडलं की झालं. मागची ट्रॉली दोन चाकी असेल तर मात्र हिशेब वेगळा. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार दांडीवर यायला हवा. म्हणजे ट्रॉलीसकट १,५०० किलो असेल तर दांडीवर १५० ते २२५ किलो. एकट्या माणसानं दांडी सहज उचलली तर समजायचं की वजन मागं गेलंय. अशी ट्रॉली वेग घेतला की शेपटी हलवायला लागते, आणि एकदा हलायला लागली की ब्रेकनं थांबत नाही, उलट वाढते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू काढून वेग उतरू द्यायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. आणि पुढच्या थांब्यावर सामान पुढं सरकवायचं.

मोटारसायकलींबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बांधताना इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. स्प्लेंडरसारखी गाडी ११२ किलोची. तीन गाड्या म्हणजे साडेतीनशे किलोच्या आत, वजनानं काहीच नाही. पण त्या उंच आणि दोन टायरांवर उभ्या असतात.

चढवताना ट्रॉली हेडला जोडलेलीच हवी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. सुटी दोन चाकी ट्रॉली मागून भार आला की दांडी उचलते. फळी किमान १० फूट लांब, दोन इंच जाडीची, आणि तिचं वरचं टोक ट्रॉलीला बांधलेलं. न बांधलेली फळी गाडीचं मागचं चाक वर येतं त्याच क्षणी मागं घसरते. शक्य असेल तर शेताच्या बांधाला ट्रॉली मागं लावायची, निम्मी चढण कमी होते. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात मात्र हे करू नका, चाक खचतं आणि ट्रॉली तिरपी होते. गाडी इंजिनवर चढवायची नाही. दोघं दोन बाजूंनी, तिसरा मागून कॅरिअरला, आणि हँडलवाल्याचं बोट पुढच्या ब्रेकवर.

वर गेल्यावर स्टँडवर उभी करायची नाही. साइड स्टँड गचक्यांनी वाकतं, मेन स्टँडवरून गाडी उडी मारून पुढं पडते. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी, पुढचं चाक पुढच्या फाळक्याला, म्हणजे ट्रॉलीच्या पुढच्या आडव्या बाजूला, टेकलेलं, गिअर पहिला. तीन गाड्या शेजारी लावताना मधली उलट्या तोंडानं, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत; मधलीचं मागचं चाक फाळक्याला.

बांधायला गाडीमागं चार रॅचेट पट्टे (दात्यांच्या कळीनं आवळायचे), दोन पुढं, दोन मागं. पुढचे पट्टे हँडलच्या दांड्याला लावू नका, तो फिरतो आणि वाकतो. हँडलच्या खाली जिथं दोन्ही शॉकअप एका जाड लोखंडी पट्टीत धरलेले असतात तिथून पट्टा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंना तिरपा, साधारण ४५ अंशांत, ट्रॉलीच्या कड्यापर्यंत न्यायचा. दोन्ही बाजू आळीपाळीनं आवळायच्या. शॉकअप साधारण अर्धा दबला की थांबायचं. अजिबात न दाबता बांधलं तर खड्ड्यात गाडी खाली बसते, पट्टा ढिला पडतो आणि हुक निसटतो. पूर्ण दाबून बांधलं तर दोन दिवसांच्या प्रवासात ऑइल सील जातं. माझ्याकडं एकदा असंच झालं: उतरवली तेव्हा पुढच्या नळीवर तेलाचा ओघळ होता, आणि सील बदलण्याचा खर्च मी दिला. मागचे पट्टे मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटमधून, मागं आणि बाहेर ताण देऊन. सीटवरून आडवा दोर टाकून आवळणं म्हणजे सीट फाटणं, गाडी त्यानं धरली जात नाही.

नायलॉनचा दोर वापरायचाच असेल तर लक्षात ठेवा की तो ताणतो, आणि ओला झाला की जास्तच. पट्टे पॉलिस्टरचे असतात, ते फार कमी ताणतात. पट्टा किंवा दोर लोखंडी धारेवरून जात असेल तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाटाची घडी. पट्ट्याचं सुटं टोक गाठ मारून ठेवायचं, फडफडत राहिलं तर रॅचेट सैल होतं. पेट्रोल लिटरभरच, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा कॉक बंद. शेळ्या नेत असाल तर त्यांची दावी या पट्ट्यांना बांधू नका.

दिव्यांचं एक दुखणं नेहमीचं आहे. मागचे दिवे लागतात, खड्ड्यात विझतात, पुन्हा लागतात. बल्ब बदलून उपयोग होत नाही, कारण अर्थिंग जोडाच्या पिनेतून जात असतं आणि पिनेला ग्रीस लावलेलं असतं. दिव्यांच्या वायरीबरोबर अर्थिंगची वेगळी वायर मागच्या ट्रॉलीपर्यंत ओढा, हा त्रास संपतो. मागच्या फाळक्यावर लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि निघण्याआधी दहा पावलं मागं जाऊन बघा. बहुतेक वेळा लोंबणारी ताडपत्री किंवा गोधडी तीच पट्टी झाकते.

घाट. माजलगाव-तेलगावकडून येणाऱ्यांना धारूरचा अरुंद, वळणावळणाचा घाट लागतो, बीडकडून मांजरसुंब्याचा. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचं सगळं वजन एकटा ट्रॅक्टर थांबवतो. म्हणून ब्रेकचे दोन्ही पायटे पट्टीनं एकत्र जोडलेले हवेत. रानात एका चाकाचा ब्रेक लागतो म्हणून ती पट्टी काढलेली असते आणि रस्त्यावर येताना विसरते. मग घाईत एकच पायटा दाबला जातो, ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि ट्रॉल्या त्याला कात्री मारतात. घाट ज्या गिअरमधे चढला असता त्याच गिअरमधे उतरायचं आणि गिअर माथ्यावरच टाकायचा. मधे क्लच दाबला की इंजिनाची धर सुटते आणि मागचं वजन ढकलायला लागतं. न्यूट्रलमधे उतरून जेवढं डिझेल वाचतं त्याची बरोबरी कुणी जिवाशी करू नये.

पहिला थांबा दहा किलोमीटरवर. सामान तेवढ्यात बसतं आणि सगळे पट्टे थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळायचे. त्यानंतर तासा-तासाला. थांबल्यावर ट्रॉलीच्या प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हाताची पाठ न्यायची. कोमट चालतो. हात टेकवत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस संपलंय, आणि तसंच पुढं गेलं तर चाकच निघतं. कमानपाटे आणि यू-बोल्ट नजरेखालून घालायचे. चाक काढून बसवलं असेल तर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्यानं बघायचे. ताशी २० ते २५ किलोमीटरच्या चालीनं कोल्हापूर भागात पोचायला दोन दिवस धरा. रात्री चालवू नका.

अड्ड्यावर पोचल्यावर घाई होते, आणि उतरवताना गाड्या पडतात त्या यामुळंच. आधी ट्रॉली सपाट जागी, ठोकळे लावून. एक माणूस गाडीवर बसून दोन्ही पाय टेकवून तिला धरतो, मग मागचे पट्टे, शेवटी पुढचे. पुढचा पट्टा सुटला की दबलेला शॉकअप एकदम वर येतो आणि हँडल हिसका देतं, म्हणून रॅचेट झटक्यात न सोडता दात-दात करून सोडायचं. खाली आणल्यावर पुढच्या नळीवरून बोट फिरवून तेल आहे का बघायचं आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची.